फुप्फुसातलं पाणी, पेटणारं ग्रीस: स्पेलचा मजकूर पाळायचा की वास्तव?

मशालवाला

डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या भूमिका वठवायच्या खेळाची पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं आणि त्यावरच्या पुरवण्या, पात्रं पाचव्या लेव्हलची. जादूच्या, म्हणजे स्पेलच्या (मंत्रांच्या) बाबतीत टेबलवर, खेळणाऱ्या गटात, दोन तट आहेत. एक तट म्हणतो, आग ती आग आणि पाणी ते पाणी. स्पेलने ते निर्माण केलं की पुढे निसर्गनियम लागू. दुसरा म्हणतो, स्पेलच्या परिच्छेदात छापलंय तेवढंच घडतं, त्यापलीकडे काही नाही. दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत, नियमातून पळवाट काढायला कुणी बसलेलं नाही. पण लढाईच्या मधोमध हा वाद निघाला की खेळ तिथेच अडतो.

नेहमी अडणारे मुद्दे:

१. क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटरने शत्रूच्या फुप्फुसात पाणी भरता येईल का?
२. शत्रू गुडघाभर पाण्यात उभे असतील आणि लाइटनिंग बोल्ट पाण्यात मारला, तर सगळ्यांनाच शॉक बसायला हवा ना?
३. जमीन निसरडी करणाऱ्या ग्रीस स्पेलवर फायर बोल्ट (आगीचा झोत) टाकला तर ते पेटेल का? स्पेलच्या साहित्यात लोणी लिहिलंय आणि लोणी जळतं.
४. कुलुपात पाणी घालून ते शेप वॉटरने (पाण्याला आकार देणाऱ्या स्पेलने) गोठवलं तर कुलूप फुटेल का?
५. हीट मेटलने तापलेल्या चिलखतावर गार पाणी ओतलं तर ते तडकेल का? आणि रक्तातल्या लोहाचं काय?

प्रत्येकाचं सुटं उत्तर चालेल, पण सगळ्यांमागे एकच कसोटी असेल तर जास्त बरं. ती खेळाडूंना आधीच सांगून ठेवता येईल.

पोथीनिष्ठ

कसोटी अशी: स्पेलचा परिणाम मजकुरातून ठरतो, त्या परिणामाचे पुढचे परिणाम जगातून ठरतात. म्हणजे जादू काय करते, कशावर करते, किती अंतरावर आणि किती वेळ, हे पुस्तक सांगणार. जादूने जे झालं (जमिनीवर पाणी साचलं, पडदा पेटला, दगडी भिंत उभी राहिली) त्याचं पुढे काय होतं, ते नेहमीच्या अक्कलहुशारीने ठरवायचं. बहुतेक वाद होतात ते या दोन पायऱ्या एकत्र केल्याने.

आता क्रिएट वॉटर घ्या, कारण हा सगळ्यात जुना वाद आहे आणि यात मजकूर नीट वाचला तर शंकाच उरत नाही. स्पेल पहिल्या लेव्हलचा, पल्ला ३० फूट, पाणी १० गॅलनपर्यंत, म्हणजे साधारण ३८ लिटर. आणि पाणी येतं ते उघड्या भांड्यात. फुप्फुस हे उघडं भांडं नाही. तोंड उघडं असलं तरी घसा आणि श्वासनलिका पार करून आत थेट वाट जात नाही. स्पेलकास्टिंगच्या सर्वसाधारण नियमात स्पष्ट आहे की लक्ष्यापर्यंत मोकळी वाट लागते, पूर्ण आडोशामागच्या गोष्टीवर स्पेल टाकता येत नाही. शरीराची भिंत हा पूर्ण आडोसाच. हाच नियम रक्त, मेंदू, पोट अशा शरीराच्या आतल्या सगळ्या युक्त्यांना लागू होतो. त्यामुळे प्रत्येकीसाठी वेगळा वाद घालायची गरज नाही.

मजकूर बाजूला ठेवला तरी किंमत बघा. या आवृत्तीत श्वास संपलेला जीव त्याच्या कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) मॉडिफायरइतके राउंड (प्रत्येकी सहा सेकंद, किमान एक) तग धरतो आणि मग थेट ० हिट पॉइंटवर (जीवशक्तीच्या आकड्यावर) येतो. त्याचे मूळ हिट पॉइंट १५ होते की २०० याने फरक पडत नाही. पहिल्या लेव्हलच्या स्लॉटमध्ये (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एकीत), सेव्हशिवाय (बचावाच्या फाशाशिवाय) हे मिळालं तर त्याची तुलना होते ती पॉवर वर्ड किलशी. तो स्पेल नवव्या लेव्हलचा आहे आणि त्यालाही १०० हिट पॉइंटची मर्यादा आहे. एखाद्या अर्थामुळे स्वस्त स्पेल महागड्या स्पेलच्या पंगतीत जाऊन बसत असेल तर तो अर्थ चुकीचा धरायचा.

ग्रीस: साहित्यातलं लोणी किंवा डुकराची जाड कातडी हे स्पेल टाकायचं साधन आहे, जमिनीवर येतो तो पदार्थ नव्हे. फायरबॉलला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतं म्हणून स्फोटात विष्ठा उडत नाही. आणि जळणाऱ्या गोष्टीबद्दल पुस्तक गप्प बसत नाही. वेबच्या मजकुरात लिहिलंय की जाळं ज्वलनशील आहे, आगीचा स्पर्श झालेला ५ फुटांचा घन एका राउंडमध्ये जळून जातो आणि त्या आगीत ज्याची पाळी सुरू होते त्याला २डी४ (चार बाजूंच्या दोन फाशांची बेरीज) डॅमेज बसतं. ग्रीसच्या मजकुरात असं काहीच नाही. २०२४च्या प्लेअर्स हँडबुकने तर हा प्रश्न निकालातच काढलाय, तिथे ग्रीस अज्वलनशील असल्याचं थेट लिहिलंय.

रक्तातलं लोह: हीट मेटलला घडवलेली धातूची वस्तू लागते. रक्त ही घडवलेली वस्तू नाही. इथे थांबावं.

शेप वॉटर: नियमानुसार पाणी ५ फुटांच्या घनात मावायला हवं, त्यात कुठलाही जीव नसावा, गोठवलेलं तासाभराने विरघळतं. पाणी हलवता येतं, पण त्या हालचालीत इजा करण्याइतका जोर नसतो, हे मजकुरातच आहे. कुलूप फोडण्याबद्दल अक्षरही नाही, त्यामुळे उत्तर नाही.

लाइटनिंग बोल्ट: १०० फूट लांब, ५ फूट रुंद रेषा, ८डी६, डेक्स्टेरिटी (चपळाई) सेव्हवर अर्धं. पाण्यात असो की हवेत, रेषेबाहेरच्यांना काही नाही. २०१४च्या नियमांत पाण्याचा आगीवर परिणाम आहे (पूर्ण बुडालेल्याला आगीच्या डॅमेजला रेझिस्टन्स, म्हणजे ते अर्धं), विजेवर नाही. म्हणजे पाण्याचा विचार नियमकर्त्यांनी केलेला आहे आणि वीज मुद्दाम वगळली आहे.

कंदीलधारी

पोथीनिष्ठ यांची कसोटी मला मान्य आहे, पण "मजकुरात नाही, म्हणून उत्तर नाही" याला माझा विरोध आहे. मजकूर अडीचशे शब्दांत मावायचा असतो, त्यात सगळं येणार नाही. ज्यांना वास्तव हवंय त्यांना वास्तवानेच उत्तर द्या. बहुतेक वेळा वास्तव खेळाडूच्या बाजूने नसतंच, आणि भौतिकशास्त्राच्या चाहत्याला "पुस्तकात नाही" यापेक्षा "हे प्रत्यक्षातही चालणार नाही" हे उत्तर पटतं.

कुलूपच बघू. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं हे खरं. पण त्या फुगण्याने काही फुटायचं असेल तर पाणी सगळ्या बाजूंनी कोंडलेलं लागतं. कुलुपाला किल्लीचं भोक आहे, कडीभोवती फट आहे. बर्फ ज्या दिशेला वाट मिळेल तिकडे सरकतो, म्हणजे भोकातून बाहेर येतो. शिवाय आत पाणी टिकायला हवं. उभ्या दारातल्या कुलुपातून ते आधीच गळून जातं. जास्तीत जास्त काय होईल, तर तासभर आतले भाग जाम होतील. ही तर कामाची गोष्ट आहे: पाठलाग करणाऱ्यांना किल्ली असूनही दार उघडता येणार नाही. मी ती युक्ती चालू देईन.

पाण्यातली वीज: प्रवाह स्रोतापासून सगळीकडे फाकतो आणि अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतो. म्हणजे वास्तव लावलं तर ८डी६ सगळ्यांना मिळत नाही, ते वाटलं जातं. आणि त्याच पाण्यात उभा असलेला आपला फायटर, कदाचित स्वतः विझार्डही, त्यात येतो. हे मोठ्याने सांगितलं की मागणी बहुतेक वेळा आपोआप मागे घेतली जाते. तरीही सगळ्या टेबलला ते हवं असेल तर असं ठेवा: रेषेत असलेल्यांना पूर्ण नियमाप्रमाणे, रेषेपासून १० फुटांच्या आत त्याच पाण्यात असलेल्या प्रत्येकाला, शत्रू असो वा मित्र, १डी६, सेव्ह नाही. एवढंच. याहून जास्त दिलं तर तळं दिसलं की दुसरा कुठला स्पेल कुणी टाकणारच नाही.

ग्रीसच्या बाबतीत मी २०१४च्या टेबलवर नरम आहे, कारण तिथे मजकूर मूक आहे. पण किंमत पुस्तकातूनच घ्यायची. तेलाची एक बाटली ५ फुटांचा एक चौकोन व्यापते, पेटवली तर २ राउंड जळते, त्यात शिरणाऱ्याला किंवा तिथे पाळी संपवणाऱ्याला ५ फायर डॅमेज, एका पाळीत एकदाच. ग्रीस १० फुटांचा चौरस, म्हणजे असे चार चौकोन. तर पेटलेलं ग्रीस म्हणजे चार बाटल्या तेल, दोन राउंड, आणि जळून गेलं की घसरणं संपलं. यात खेळाडूला खरोखर निवड करावी लागते: मिनिटभर शत्रूला घसरवत ठेवायचं की दोन राउंडांची आग घ्यायची. मला हे वेबच्या धर्तीवर रास्त वाटतं. २०२४ची पुस्तकं वापरणाऱ्यांना हा पर्याय नाही, आणि तिथे मी तो देणारही नाही.

आता एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, जी दोन्ही तटांच्या नजरेतून सुटते. फायरबॉलच्या मजकुरात डॅमेज फक्त जीवांना आहे. वस्तूंबद्दल एवढंच की कुणी अंगावर न घातलेल्या, हातात न धरलेल्या ज्वलनशील वस्तू पेटतात. शॅटरच्या (आवाजाच्या तडाख्याने फोडणाऱ्या स्पेलच्या) मजकुरात मात्र वस्तूंनाही डॅमेज बसतं असं वेगळं लिहिलंय. मजकूर शब्दशः घेणाऱ्याने हे मान्य करायला हवं की फायरबॉलने टेबलावरची काचेची बाटली फुटत नाही, पण बाजूचा नकाशा पेटतो. आणि नकाशा पेटला की पुढे काय? इथे पुस्तक थांबतं आणि डीएमचं (खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरचं) काम सुरू होतं.

माझी पद्धत अशी. कागद, पडदा, कोरडं गवत: पुढच्या राउंडच्या अखेरीस संपलं, विझवायचं असेल तर त्या आधी एक अ‍ॅक्शन खर्च करा. लाकडी दार: मध्यम आकाराच्या भक्कम वस्तूला पुस्तकात सरासरी १८ हिट पॉइंट, लाकडाचा आर्मर क्लास (मारा लागायला गाठावा लागणारा आकडा) १५. जळणाऱ्या दाराला राउंडला नव्हे, मिनिटाला १डी१० डॅमेज, म्हणजे तीन-चार मिनिटांत ते पडतं. लढाई तोवर संपलेली असते, पण धूर भरतो आणि आवाज पसरतो, जे जास्त महत्त्वाचं. बंद खोलीत दुसऱ्या-तिसऱ्या राउंडपासून धुरामुळे "हलका झाकोळ" धरायचा, म्हणजे नजरेवर चालणाऱ्या पर्सेप्शन चेकला (टेहळणीच्या फाशाला) दोनदा टाकून कमी आकडा घेणं, म्हणजेच डिसअ‍ॅडव्हान्टेज.

दार उडून जाईल, भिंत कोसळेल, असं मात्र नाही. फायरबॉलमध्ये दाब नाही, हे १९७८च्या अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डीच्या प्लेअर्स हँडबुकपासून चालत आलंय. तिथे लिहिलेलं होतं की स्फोट विशेष दाब निर्माण करत नाही, पण जागेच्या आकाराप्रमाणे पसरतो आणि एकूण सुमारे ३३,००० घनफूट भरतो. २० फूट त्रिज्येच्या गोलाचं आकारमान काढलं तर ३३,५०० च्या आसपास येतं, म्हणजे हिशोब बरोबर होता. आता तो १० बाय १० फुटांच्या भुयारात लावून बघा: एक फूट लांबीला १०० घनफूट, म्हणजे आग एकूण ३३० फूट पसरणार. टाकणारा स्वतःच भाजायचा. त्या नियमात सोनं, चांदी, तांबं वितळायचं, म्हणजे खजिनाही गेला. त्याच आवृत्तीत लाइटनिंग बोल्ट भिंतीवर आपटून परत उलटा यायचा. हे सगळं वास्तवाच्या बाजूचंच होतं, आणि त्याची किंमत अशी की प्रत्येक स्पेलआधी खोलीचं मोजमाप काढत बसावं लागे. पाचव्या आवृत्तीने आकारमान सोडून त्रिज्या ठेवली आणि "आग कोपऱ्याभोवती वळते" एवढंच वास्तव शिल्लक ठेवलं. माझ्या मते सौदा चांगला आहे. पण जुना नियम वाचून ठेवावा. वास्तवाचा आग्रह पूर्ण धरला की काय होतं हे त्यातून नेमकं कळतं.

सातवीपायरी

वरचं सगळं एका खेळाबद्दल आहे. हा वाद किती तीव्र होतो हे त्या खेळाची भाषा कशी लिहिली आहे यावर अवलंबून असतं, म्हणून थोडं इतर खेळांबद्दल.

पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती (२०१९) स्पेलना ट्रेट (गुणधर्माची खूण) लावते. पाण्याखाली काय होतं याचं उत्तर तिथे एका ओळीत आहे: फायर ट्रेट असलेले स्पेल पाण्याखाली टाकताच येत नाहीत. पाचव्या आवृत्तीत तोच फायरबॉल पाण्याखाली चालतो, फक्त बुडालेल्यांना अर्धं डॅमेज. दोन्हींपैकी "खरं" कुठलं हा प्रश्नच गैरलागू आहे, दोन्ही ठिकाणी टेबलवर वाद होत नाही हे महत्त्वाचं. त्याच पुस्तकात क्रिएट वॉटरचं पाणी कुणी न प्यायल्यास एका दिवसाने बाष्प होऊन जातं. स्पेलने तलाव भरून विकणाऱ्यांचा बंदोबस्त तिथेच झाला. आणि संदिग्ध नियमांबद्दल तिथे एक सर्वसाधारण सूचना आहे: दोन अर्थ निघत असतील आणि त्यातला एक विश्वास बसणार नाही इतका फायद्याचा असेल, तर बहुधा तो बरोबर नाही. पोथीनिष्ठ यांची किंमतीची कसोटी ती हीच.

आर्स मॅजिका (पहिली आवृत्ती १९८७) या प्रश्नाला पूर्ण वेगळ्या बाजूने भिडते. तिथे पाच तंत्रं आणि दहा रूपं यांच्या जोड्यांतून स्पेल बनतो, आणि जादूचा थेट परिणाम व अप्रत्यक्ष परिणाम यांत नियमानेच फरक केलाय. थेट जादूला लक्ष्याचा जादूरोधक भेदावा लागतो. जादूने डोक्यावरचा खराखुरा दगड सुटा केला आणि तो गुरुत्वाकर्षणाने पडला, तर रोधक आड येत नाही, पण नेम लागतो की नाही ते बघावं लागतं. वर जी दोन पायऱ्यांची कसोटी दिली आहे, ती इथे थेट नियमातच बसवलेली आहे.

मेज: द असेन्शन (१९९३) मध्ये वास्तव हेच जादूगाराचं विरोधक असतं. योगायोगासारखी दिसणारी जादू स्वस्त, उघड अशक्य दिसणारी जादू महाग, कारण पॅराडॉक्स (वास्तवाचा उलटा फटका) साचतो. ज्या गटाला "हे प्रत्यक्षात कसं घडेल" यावर बोलणंच आवडतं, त्यांनी पाचव्या आवृत्तीला ताणण्यापेक्षा असा खेळ काही सत्रं खेळावा. डन्जन वर्ल्ड (२०१२) तर कथेतली परिस्थिती आधी आणि नियम नंतर असंच चालतं. तिथे गुडघाभर पाण्यातली वीज हा वादाचा विषय नसतो, सांगितलेली परिस्थितीच ठरवते.

आणखी एक. २०२४च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये थेट लिहिलंय की नियम म्हणजे त्या जगाचं भौतिकशास्त्र नव्हे. उदाहरणही दिलंय: गावकऱ्यांची रांग उभी करून, रेडी (आधीच ठरवून ठेवलेल्या) अ‍ॅक्शनने एकमेकांच्या हातात भाला देत देत सहा सेकंदांच्या एका राउंडमध्ये तो प्रचंड वेगाला नेणं. या युक्तीत गोम आहे ती अशी की भाला सरकवताना नियम वापरले आणि आदळताना भौतिकशास्त्र. दोन्ही तटांना माझं सांगणं हेच: एका युक्तीत एकच बाजू धरा. नियम धरले तर शेवटच्या माणसाने फेकलेला भाला १डी६ करतो. भौतिकशास्त्र धरलं तर सहा सेकंदांत तो दहा-पंधरा हातांपलीकडे जात नाही. फायदा मिळतो तो फक्त मध्येच बाजू बदलल्याने, आणि डीएमने शोधायचं ते नेमकं बदलाचं ठिकाण.

मशालवाला

तिघांचेही आभार. मध्येच बाजू बदलते तिथे बोट ठेवायचं, ही गोष्ट फार उपयोगी आहे. दोन शंका राहिल्या. हीट मेटलच्या चिलखताचं उत्तर कुणी दिलं नाही. आणि दुसरं, कल्पना छान असते पण मजकुरात बसत नाही, तेव्हा नुसतं "नाही" म्हणण्याऐवजी काय द्यावं? सारखं नाही ऐकलं की खेळाडू पुढे कल्पनाच मांडत नाहीत.

पोथीनिष्ठ

हीट मेटल. पल्ला ६० फूट, कॉन्सन्ट्रेशनने (लक्ष एकवटून ठेवून) एक मिनिट म्हणजे १० राउंड. टाकल्याबरोबर वस्तूला स्पर्श करणाऱ्याला २डी८, मग प्रत्येक पाळीला बोनस अ‍ॅक्शन खर्चून पुन्हा २डी८. हातातली वस्तू असेल तर कॉन्स्टिट्यूशन सेव्ह फसल्यावर ती टाकावी लागते. चिलखत टाकता येत नाही, म्हणून अ‍ॅटॅक रोल आणि अ‍ॅबिलिटी चेकना डिसअ‍ॅडव्हान्टेज. जड चिलखत उतरवायला ५ मिनिटं, म्हणजे ५० राउंड लागतात, तोवर स्पेल कधीच संपलेला असतो. हे आकडे टेबलवर सांगा, कारण नेहमी कुणीतरी म्हणतं की "मी चिलखत काढतो".

गार पाणी: पोलाद काचेसारखं तडकत नाही. तापवून पाण्यात बुडवणं हा पोलाद कडक करायचा मार्गच आहे, त्यात पातळ पत्रा वाकडा होऊ शकतो पण चिंध्या होत नाहीत. शिवाय मजकुरात वस्तूला डॅमेज नाही. पाणी ओतून आतला माणूस वाचतो का? नाही, कारण उष्णता जादू पुन्हा पुन्हा भरते. पाण्याची वाफ होईल एवढंच.

इथे वास्तवाच्या बाजूने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वस्तू लाल होते असं वर्णन आहे. पोलाद अंधारात जेमतेम लाल दिसायला ५०० अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं. तेवढं तापलेलं चिलखत अंगावर असेल तर माणूस लढणार नाही, राउंडभरात कोसळेल. २डी८ची सरासरी ९. म्हणजे इथे वास्तव पूर्ण लावलं तर दुसऱ्या लेव्हलचा स्पेल कुठल्याही चिलखतधारी शत्रूला मारतो, आणि शत्रूच्या ड्रुइडने टाकला तर आपल्या पॅलाडिनलाही. म्हणून "लाल" हे वर्णन समजायचं, आकडा मजकुरातला. मात्र त्या तापलेल्या पत्र्याला कुणी कोरडा दोर टेकवला तर तो जळावा, यात मला अडचण वाटत नाही. ती दुसरी पायरी झाली.

कंदीलधारी

"नाही"च्या ऐवजी काय द्यावं, यावर.

आधी खेळाडूला विचारा: तुला शेवटी काय घडायला हवंय? शत्रू मरायला हवाय, आंधळा व्हायला हवाय, की जागेवरून हलायला हवाय? फुप्फुसात पाणी मागणाऱ्याला बहुतेक वेळा समोरच्या जादूगाराचं मंत्र म्हणणं थांबवायचं असतं. मग त्याच स्पेलचा दुसरा भाग दाखवा: ३० फुटांच्या घनात पाऊस, उघड्या ज्वाळा विझतात. मशाली गेल्या की ज्या शत्रूला अंधारात दिसत नाही त्याला नजरेवर चालणारे स्पेल टाकता येत नाहीत. हेतू साधला आणि मजकुराला धक्का लागला नाही.

डॅमेजऐवजी परिस्थिती द्या, हा माझा सरळ नियम. अ‍ॅडव्हान्टेज, अवघड जमीन, आडोसा, एखादी वाया गेलेली अ‍ॅक्शन. ही बक्षिसं एका राउंडपुरती असतात आणि स्पेलची लेव्हल बिघडवत नाहीत. डॅमेज द्यायचंच असेल तर पहिल्या लेव्हलच्या स्पेलला डन्जन मास्टर्स गाइडच्या तक्त्यातली मर्यादा पाळा: एका लक्ष्याला २डी१०, अनेकांना २डी६. दुसऱ्या लेव्हलला ३डी१० आणि ४डी६, तिसऱ्याला ५डी१० आणि ६डी६. कॅन्ट्रिपला (स्लॉट न लागणाऱ्या स्पेलला) १डी१० आणि १डी६. फायरबॉल आणि लाइटनिंग बोल्ट या तक्त्याच्या वर आहेत, त्यांच्याशी तुलना करून "मग एवढं चालेल" असं म्हणू नका.

आणि जिथे मजकूर स्वतःच वास्तवाला दार उघडतो तिथे हात आखडू नका. एनलार्ज (मोठं करणाऱ्या) स्पेलमध्ये लिहिलंय की आकार प्रत्येक दिशेने दुप्पट आणि वजन आठपट. ८० किलोचा माणूस ६४० किलोचा होतो. कुजक्या पुलावर उभ्या असलेल्या शत्रूला एनलार्ज करणं ही पूर्णपणे नियमातली चाल आहे. त्याला सेव्ह मिळतो, तो फसला तर पूल तुटायलाच हवा. क्रिएट वॉटरने ३८ लिटर, म्हणजे ३८ किलो पाणी येतं. दाबपट्टीच्या सापळ्यावर रिकामी बादली सरकवून दुरून ती भरली तर सापळा सुटला पाहिजे, चेक मागू नका. शेप वॉटरने तळ्यात गोठवलेला ५ फुटांचा घन साडेतीन घनमीटरचा असतो आणि तरंगताना साधारण ३०० किलो भार पेलतो. तीन-चार माणसं त्यावर बसून पलीकडे जाऊ शकतील, अ‍ॅक्रोबॅटिक्सचा चेक फक्त कुणी उभं राहिलं किंवा मारामारी झाली तर. या स्पेलचे तात्काळ न संपणारे परिणाम एका वेळी दोनच टिकतात, त्यामुळे पुलासाठी असे दहा ठोकळे मांडता येणार नाहीत.

सातवीपायरी

खेळ अडू नये यासाठी क्रम सांगतो, लढाई चालू असताना वापरायचा.

स्पेलचा परिच्छेद खेळाडूने मोठ्याने वाचायचा, आठवणीतून सांगायचं नाही. निम्मे वाद इथेच मिटतात, कारण पल्ला, लक्ष्य ("जीव", "वस्तू", "बिंदू") आणि कालावधी लोकांना चुकीचे आठवतात. मग एका बाजूने एक वाक्य, दुसऱ्या बाजूने एक वाक्य. डीएम निर्णय देतो आणि तो निर्णय त्या सत्रापुरता. शंका असेल तर त्या क्षणी खेळाडूच्या बाजूने झुका, पण मोठ्याने सांगा की हा तात्पुरता आहे. सत्र संपल्यावर पुन्हा बघा आणि वहीत लिहा. नोंद लहान असावी: स्पेल, प्रश्न, निर्णय, कारण. उदाहरणार्थ "ग्रीस, पेटतं का, हो, ५ फुटांच्या चौकोनाला ५ डॅमेज, २ राउंड, मग ग्रीस संपलं, तेलाच्या बाटलीवरून." पुढच्या वेळी वही उघडायची, वाद उघडायचा नाही.

वहीत जाण्याआधी प्रत्येक निर्णय उलटा करून विचारा: पुढच्या सत्रात गॉब्लिनांच्या शमनने हेच आपल्यावर केलं तर चालेल का? हा प्रश्न डीएमने एकट्याने नाही, सगळ्या टेबलला विचारायचा. मतदानाची गरज पडत नाही, चेहऱ्यावरून कळतं. आणि एकदा "चालेल" ठरलं की डीएमने ते खरोखर वापरायचं. शत्रूने ग्रीस पेटवलं की ती नोंद पक्की झाली, तोवर ती खोडता येते.

मोहिमेच्या आधीच्या बैठकीत सगळे स्पेल चर्चेला घेऊ नका, ते कधीच संपणार नाही. तीनच गोष्टी ठरवा: शरीराच्या आत स्पेल टाकता येत नाही, मजकुरात नसलेलं डॅमेज तक्त्याच्या वर जात नाही, आगीने काय पेटतं आणि किती वेगाने, त्यासाठी कंदीलधारी यांनी दिली तशी यादी. पात्रं पाचव्या लेव्हलला आली आहेत म्हणजे तिसऱ्या लेव्हलचे स्पेल नुकतेच हातात आलेत. फायरबॉल आणि लाइटनिंग बोल्टच्या नोंदी पहिल्या वापराआधीच करून ठेवा. पाठोपाठ स्टिंकिंग क्लाउडही पाहून घ्या, कारण तिथे वाऱ्याचा वेगही मजकुरात आहे: ताशी १० मैलांचा वारा ढग ४ राउंडांत उडवतो, २० मैलांचा एका राउंडमध्ये. कुणीतरी गस्ट ऑफ विंड (जोराचा वारा सोडणारा स्पेल) घेऊन येणारच, आणि त्याचं उत्तर आधीच तयार असलेलं बरं.